झाकणातले डोळे

अनुपमा त्या दिवशी खारदांड्याला गेली ती सुकट आणायला. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोकांना वाटतं की अशा गोष्टी सुरू व्हायच्या आधी कुत्री रडतात, दिवे मालवतात. तसलं काही नव्हतं. तिच्या बाबांना, म्हणजे काशीरामना, पार्ल्याच्या बाजारातली सुकट चालत नाही. त्यात रेतीच जास्त, असं म्हणून ताट सरकवतात. त्यामुळे अधूनमधून अनुपमा रिक्षा करून दांड्याला जायची, ठरलेल्या कोळणीकडून सुकट आणि बोंबील घ्यायची आणि पिशवीला दोन-दोन गाठी मारून घरी यायची. त्या दिवशी मृणालिनीताई नावाच्या एका बाईंचा कामासाठी फोन आला होता. त्यांची बिल्डिंग तिथेच, समुद्राला लागून. एका फेरीत दोन कामं होतील म्हणून ती वर गेली.

अनुपमाचं काम काय, ते सांगायला हवं. ती मिना करते. मिना म्हणजे काच. रंगीत काच खलात घोटून तिची पूड करायची, सोन्याचांदीवर बसवायची आणि भट्टीत घालायची. पूड वितळते, धातूला धरून बसते, आणि मग पिढ्या गेल्या तरी रंग हलत नाही. मिना म्हटलं की आपल्याला बांगड्या आठवतात. अनुपमाकडे येतात ती जुनी खिशातली घड्याळं, साखळीची, झाकणाची, एकेकाळी मोठ्या लोकांनी हौसेने करून घेतलेली. त्यांच्या झाकणांवर बागा असतात, पक्षी असतात, बायकांचे चेहरे असतात. कुठे टवका उडालेला असतो, कुठे तडा गेलेला असतो, तो ती भरून देते. नखाएवढ्या जागेत चेहरा काढायचा, तोही चार केसांच्या ब्रशने. डोळ्यात तेल घालून करायचं काम. बाई गुणी, पण हट्टी. जमणार नाही असं तिला कुणी म्हटलं की संपलंच.

आणि मृणालिनीताईंनी नेमकं तेच म्हटलं.

ताई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. गॅलरीत निळी खुर्ची होती, खाली किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते आणि त्यांचा वास घरभर होता. ताईंनी घड्याळ रुमालातून काढलं. सोन्याचं, तळहातात मावणारं. कळ दाबून झाकण उघडलं तर आतल्या बाजूला एका तरुण बाईचा चेहरा. नऊवारीचा पदर, नाकात नथ, गळ्यात ठुशी, एकेक मणी वेगळा मोजता येईल असं काम. अनुपमाने भिंग लावलं आणि ते काढायचंच विसरली, इतकं ते सुंदर होतं.

फक्त त्या बाईला डोळे नव्हते. पापण्यांमध्ये नुसता पांढरा मिना होता.

"ही माझी आजी, मीरा," ताई म्हणाल्या. "जन्मापासून आंधळी. आजोबांनी तिचा फोटो परदेशी पाठवून हे करून घेतलं. फोटोत डोळे मिटलेले. उघडे कसे करायचे ते त्या चिताऱ्याला कळेना, त्याने जागा सोडून दिली. आजोबा हळहळले. नंतर दोघातिघांकडून करून घ्यायला गेले. कुणाला जमलं नाही. भट्टीतून काढलं की डोळे उडालेले असायचे."

"उडणार कसे? रंग चुकीचे असतील."

"असतील. तुम्हालाही नाही जमलं तर नका वाईट वाटून घेऊ."

अनुपमाने झाकण मिटलं आणि घड्याळ आपल्या पर्समध्ये ठेवलं. तेव्हा ताई गॅलरीकडे बघत सहज म्हणाल्या, "आजीला रंगांचं भारी वेड होतं हो. मी लहान होते. माझा चेहरा चाचपायची, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग फ्रॉक चाचपायची आणि विचारायची, ह्या रंगाला काय म्हणतात? मी सांगायची. लगेच दुसरीकडे हात. आणि ह्याला? मरेपर्यंत तिचं तेच चाललं होतं... आणि ह्याला?"

अनुपमाला ताईंची दया आली. घरी येताना रिक्षात सुकटीच्या वासाने तिचं डोकं दुखायला लागलं होतं.

*

पार्ल्याचं त्यांचं घर तळमजल्याचं. मागची गॅलरी बंद करून तिथे अनुपमाने भट्टी बसवली होती. लहानशीच, टेबलावर मावणारी. पलीकडच्या खोलीत खिडकीशी काशीरामांची खाट. आधी ते गिरणीत कामाला होते, गिरणी बंद पडल्यावर गणपतीच्या कारखान्यात. हात इतका बसलेला की शेवटी मालक त्यांना दुसरं काही करूच देत नसे. नुसते डोळे. सगळे रंग झाले, दागिने झाले की मग काशीराम आंघोळ करून यायचे, मूर्तीभोवती चादर धरायला लावायचे आणि डोळ्यांची आखणी करायचे. चादरीच्या आत दुसरं माणूस नको, हा त्यांचा नियम. पोरीचा हात बापावर गेला होता, असं सगळे म्हणत.

पहिल्यांदा अनुपमाने डोळे मनाने काढले. काळेभोर, पाणीदार. भट्टीत घातले. भट्टीतून काढलेला मिना लालबुंद असतो, त्यात एकही रंग दिसत नाही. चिमट्याने बाहेर काढून विटेवर ठेवायचा आणि वाट बघायची. गार होता होता एकेक रंग परत येतो. आधी हिरवा, मग निळा, लाल सगळ्यात शेवटी. नथ आली, ठुशी आली, पदर आला. डोळे आले नाहीत. पांढरे ते पांढरेच राहिले.

दुसऱ्यांदा तिने रंग बदलले. तरी तेच. तिसऱ्यांदा भट्टीची आच बदलली, तरी तेच. चार दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. सुयोग, तिचा नवरा, विमानतळावर कार्गोत काम करायचा. दमून घरी यायचा आणि हिला भिंग डोळ्याला लावून बसलेली बघून मुकाट्याने स्वतःचं ताट वाढून घ्यायचा.

"बाबा, तुम्ही डोळे काढायचात ते कशावरून?" तिने एकदा विचारलं.

"कशावरून म्हणजे? आपणहून येतत."

"कुणाला समोर बसवून नाही?"

काशीराम खाटेवर उठून बसले. "माणसाक बघून देवाचे डोळे काढूचे नाय, अनू. समोर कोणाक बसवचाच नाय. डोळे खयसून तरी येतत गो. कोणाचे तरी जातत, तेव्हा कोणाक तरी येतत."

"बाबा, हे घड्याळ आहे. देव नाही."

काशीराम परत आडवे झाले. आता बघा, तिने तिथेच थांबायला हवं होतं. पण आर्ट स्कूलमध्ये तिला उलटंच शिकवलं होतं. मॉडेल समोर बसव, मगच चेहऱ्यात जीव येतो. आणि बापाचं ऐकून हट्ट सोडेल तर ती अनुपमा कसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशीराम घोरत असताना तिने गार्गीला हाक मारली. गार्गी एकुलती एक, एकोणीस वर्षांची, कॉलेजात कमी आणि टेबल टेनिसच्या टेबलापाशी जास्त. समोरच्याने सर्व्हिस मारायच्या आधी चेंडू कुठे पडणार ते तिला दिसतं, असं तिचे सर सांगत. डोळे घारे, आईचे ना बापाचे. डाव्या डोळ्याच्या घाऱ्यात तिळाएवढा काळा ठिपका. लहानपणी अनुपमा त्याला गालबोट म्हणायची.

"आई, दहा मिनिटं हं. मला क्लबला जायचंय."

"हलू नकोस. खिडकीकडे बघ."

"हललेच नाहीये. तूच श्वास घेत नाहीयेस, यार. मरशील."

अनुपमाने ते डोळे जसेच्या तसे उचलले. घारा रंग तीनदा घोटून केला. खिडकीचा पांढरा कवडसासुद्धा घेतला. ठिपका सोडावा असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण मग ते डोळे खोटे दिसले असते. तिने ब्रशच्या टोकाने तो ठिपकाही ठेवला.

गार्गी क्लबला गेली नाही. झोप येतेय म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. अनुपमाने झाकण भट्टीत घातलं, काढलं, विटेवर ठेवलं. नथ आली. ठुशी आली. पदर आला. ती खाली वाकली, भिंग लावलेला डोळा अगदी जवळ नेला, आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या पांढऱ्या जागेत हळूहळू घारा रंग उतरला. मग ठिपका आला. मीराआजी तिच्याकडे बघत होती.

अनुपमाच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. इतकं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

आतून गार्गीचा झोपाळलेला आवाज आला. "आई... कसलं घाण स्वप्न पडलं. तू माझ्यावर वाकली होतीस. एवढा मोठ्ठा चेहरा तुझा. एका डोळ्याला भिंग."

"झोप तू," अनुपमा हसत म्हणाली. तिने झाकण घड्याळाला जोडलं, बिजागरीत पिन बसवली, चावी दिली. कित्येक वर्षं बंद असलेलं घड्याळ टिकटिकायला लागलं. मग तिने अंगठ्याने झाकण मिटलं.

"आई," आतून गार्गीने विचारलं, "लाईट गेले का गं?"

बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं.

*

पुढचे दिवस कसे गेले ते अनुपमाला धड आठवत नाही. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले. डोळे ठणठणीत आहेत, नसा ठणठणीत आहेत, मग दिसत का नाही, ते कुणालाच सांगता येईना. त्या धावपळीत मृणालिनीताई स्वतः येऊन घड्याळ घेऊन गेल्या. अनुपमाने ते त्यांच्या हातात कोंबलं आणि रिक्षात बसली. ताई काहीतरी आभाराचं बोलत होत्या, ते तिने ऐकलंही नाही.

एकदा डॉक्टरांनी गार्गीच्या डोळ्याचा मोठा फोटो पडद्यावर दाखवला. एकदम निरोगी, ते म्हणाले. अनुपमा बघत राहिली. डावा डोळा होता. घाऱ्यात कुठेही ठिपका नव्हता.

घरी गार्गी सोफ्याच्या कोपऱ्यात बसून असायची. जी पोरगी बसमध्येसुद्धा उभ्या उभ्या नाचायची, ती दोन्ही हात मांडीखाली घेऊन गप्प. कानात सारखी टिकटिक होते म्हणायची. मग एका सकाळी चहा घेताना तिने कप खाली ठेवला.

"आई. दिसतंय."

सुयोगच्या हातातून पेपर पडला.

"समुद्र दिसतोय," गार्गी म्हणाली. तिचा चेहरा भिंतीकडे होता. "होड्या आहेत. बांबूवर मासे वाळत घातलेत, बोंबील. निळी खुर्ची... एक म्हातारी वाकून बघतेय माझ्याकडे. हसतेय... आई, ती खूप जवळ येतेय." ती मागे सरकली, मग थांबली. "गेलं. बंद झालं."

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, असं होतं, दृष्टी गेली की मेंदू मनाने चित्रं तयार करतो. सुयोगला ते पटलं. गार्गी जन्मात कधी खारदांड्याला गेली नव्हती. अनुपमा पायात चपला अडकवून निघाली.

ताईंनी दार उघडलं तेव्हा घड्याळ टेबलावर होतं, मिटलेलं.

"मी रोज सकाळी उघडून गॅलरीत ठेवते," त्या म्हणाल्या. "आजीला समुद्र दाखवायला. वेडेपणा म्हणा..."

अनुपमाने घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मग कळ दाबली. झाकण उघडलं. ते घारे डोळे तिच्याकडे वर बघत होते.

"आई," फोनमधून गार्गी म्हणाली, "तू कुठे आहेस? तू दिसतेयस मला. केस विंचरले नाहीस."

खाली कुणीतरी कोळीण मोठ्याने हसत होती. ताई हळूच खुर्चीवर टेकल्या.

"तुम्ही डोळे... कुणाचे घेतलेत?"

"माझ्या मुलीचे."

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणून आधीच्यांना जमलं नसेल," त्या म्हणाल्या. "त्यांनी कुणाचे घेतलेच नाहीत." मग त्यांनी घड्याळ दोन्ही हातांनी अनुपमाच्या पुढे केलं. आजीचा तेवढाच चेहरा त्यांच्याजवळ होता, तरी त्या अजिबात अडून बसल्या नाहीत. दारापर्यंत सोडायला आल्या. "सांभाळा हं तिला," त्या म्हणाल्या. गार्गीला की आजीला, कोणाला सांभाळायचं म्हणत होत्या, ते अनुपमाने विचारलं नाही.

*

आता कुणी म्हणेल, एवढं कळलं तर पुसून टाकायचे ते डोळे. अनुपमालाही तेच वाटलं होतं. पण मिन्यात पुसणं नसतं. एक तर हिऱ्याच्या सुईने घासून काढायचं, नाहीतर ॲसिडमध्ये टाकायचं. परत भट्टीत घालावं तर डोळे वितळून ओघळणार. ती सुई घेऊन बसली. काशीराम आणि सुयोग गार्गीजवळ बसले. चित्रातल्या डाव्या डोळ्याच्या अगदी कोपऱ्याला तिने सुई टेकवली. घासली नाही, नुसती टेकवली.

गार्गी असं ओरडली की वरच्या मजल्यावरची शीतल धावत खाली आली. गार्गीच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

अनुपमाने सुई ठेवून दिली. बाबांच्या पायाशी बसून ती रडली, अगदी लहान मुलीसारखी. "बाबा, काहीतरी सांगा ना. तुम्हाला माहीत होतं."

"माका कायच ठाऊक नाय गो," काशीराम म्हणाले. "आमचो गणपती दीड दिसान पाण्यात जाता. डोळे घेऊन जाता. ह्या तू कायमचा केलंस."

मग जे जमण्यासारखं होतं ते केलं. सुयोगने एका पट्ट्यात घड्याळ असं बसवून घेतलं की झाकण उघडं राहील आणि समोर बघेल. ते गार्गीच्या गळ्यात घातलं. गार्गीला दिसायला लागलं. छातीच्या उंचीवरून, थोडं वाकडं, पण दिसायला लागलं. "सगळे ताडमाड झालेत," ती म्हणाली. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसलं. ती घरात फिरू लागली, स्वतः चहा करू लागली. एकदा बॅट हातात घेऊन चेंडू भिंतीवर मारला, तो चुकला, आणि तिने बॅट कपाटावर ठेवून दिली. पण दिसत होतं ना. तेवढ्यावर अनुपमा दिवस ढकलत होती. वेळच्या वेळी चावी देणं तिच्याकडे होतं. चावी संपत आली की गार्गीला अंधुक दिसायचं.

गार्गीला झोप मात्र लागेना. डोळे मिटून उपयोग नव्हता, झाकण मिटावं लागे. म्हणून दुपारी जेवणानंतर अनुपमा स्वतः झाकण मिटायची, तिच्या केसांतून हात फिरवायची. झाकण मिटलं की गार्गी पटकन झोपायची.

आणि एक गोष्ट होती, जी कुणी कुणाजवळ बोलत नव्हतं. गार्गीचे स्वतःचे डोळे. आंधळ्याचे डोळे एका जागी राहतात, निदान भलतीकडे तरी बघतात. हिचे तसे नव्हते. गार्गी घड्याळातून टीव्ही बघत असली तरी तिचे डोळे खिडकीतल्या कावळ्याकडे असत. ती बोलत असायची सुयोगशी आणि डोळे अनुपमाच्या साडीवरून काठाकाठाने फिरत. सावकाश, एकही टाका न सोडता. अनुपमा पाठमोरी झाली की तिला ते मानेवर जाणवत. मनाचे खेळ आहेत, ती स्वतःला बजावायची.

एका दुपारी काशीरामांनी तिला खुणेने बोलावलं. ते आपल्या खाटेच्या कडेला बसून तिथेच झोपलेल्या गार्गीकडे बघत होते. आयुष्यभर ज्याने डोळेच काढले, त्याला डोळे ओळखता येणारच.

"अनू," ते कुजबुजले, "चेडू झोपलाहा?"

"हो, बाबा. आत्ताच झाकण मिटलं."

"मग ता बघता कोण?"

गार्गी उताणी झोपली होती. श्वास संथ चालला होता. गळ्यातलं घड्याळ मिटलेलं होतं आणि त्याची टिकटिक खोलीत ऐकू येत होती. तिचे डोळे सताड उघडे होते. ते पंख्याकडे बघत होते. मग भिंतीकडे वळले, कॅलेंडरकडे वळले, दोरीवरच्या कपड्यांवरून एकेक करत गेले. मग अनुपमापाशी आले आणि थांबले. त्यांत ओळख नव्हती. रागही नव्हता. नुसतं कौतुक होतं, पहिल्यांदाच जत्रेला आलेल्या पोरीसारखं.

"गार्गी?" अनुपमा जवळ जाऊन बसली. "गार्गी... बाळा..."

गार्गीचा हात उठला. तो अनुपमाच्या कपाळावर टेकला, भुवयांवरून खाली आला, नाकावरून, ओठांवरून, हनुवटीपर्यंत आला. बोटांना घाई नव्हती. गार्गीच्या बोटांवर बॅटीमुळे पडलेले घट्टे तिला गालाला लागले. मग तो हात पुढे गेला आणि खिडकीच्या पडद्याचं टोक त्याने चिमटीत धरलं.

"ह्या रंगाला काय म्हणतात?" गार्गीच्या तोंडून कुणीतरी विचारलं. आवाज गार्गीचाच होता, बोलणं तिचं नव्हतं.

काशीरामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अनुपमाने काय करायला हवं होतं, सांगा. ओरडायचं तर कुणावर? पोरीला गदागदा हलवायचं तर आत कोण जागं होईल?

"पिवळा," ती म्हणाली.

"पिवळा," ते तोंड म्हणालं आणि समाधानाने हसलं.

अनुपमाने घड्याळाची कळ दाबली. झाकण उघडलं. आता गार्गी जागी होणार होती, रोज होते तशी. आई, भूक लागली, म्हणणार होती. खाटेवर काहीच हललं नाही. अनुपमाने झाकणात पाहिलं. घारे डोळे होते, काळा ठिपका होता, नथ होती, ठुशी होती. त्या बाईचे ओठ तिने कधीच रंगवले नव्हते, त्यांना कधी हातही लावला नव्हता. ते मूळचे होते, मिटलेले होते. आता ते उघडे होते. हाक मारताना उघडतात तेवढे. घाऱ्या डोळ्यांत पाणी चमकत होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं. बोटाला गुळगुळीत, गार काच लागली.

ती झाकणावर वाकली, एवढी जवळ की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. "मी आहे हं," ती काचेला म्हणाली. "आई आहे इथे. मी झाकण लावणार नाही. कधीच लावणार नाही."

गार्गीच्या हाताने मागून तिच्या पदराचा काठ हलकेच ओढला.

"आणि ह्याला?"